बेरीज करता येईल असा हिशोब द्या: विदर्भातल्या आमदारांना खुलं पत्र

प्रति,
विदर्भातून विधानसभेवर निवडून गेलेले सर्व ६२ सदस्य,
आणि विधान परिषदेत बसणारे आमच्याकडचे सदस्य

विषय: सरकारी पैसा कोणत्या तालुक्यात, कोणत्या गावात आणि कशावर गेला, याचा हिशोब सर्वांसाठी खुला करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर जवळ आला की नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधले दुभाजक रंगायला लागतात. आमदार निवासातले गिझर तपासले जातात, मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर लोखंडी कठडे येऊन पडतात, यशवंत स्टेडियमवरून निघणाऱ्या मोर्च्यांची यादी पोलिसांकडे तयार होते. हिवाळी अधिवेशन संपलं की हा सगळा पसारा दोन दिवसांत उचलला जातो. मग पुढचे पंधरा दिवस तर्री पोह्याच्या ठेल्यावर एकच प्रश्न: "काय भेटलं जी यंदा विदर्भाले?" कोणी म्हणतो इतके कोटी, कोणी म्हणतो पॅकेज, कोणी नुसताच हात झटकतो. खरा आकडा कोणालाच ठाऊक नसतो. माझा अंदाज आहे की तुमच्यातल्याही बहुतेकांना तो ठाऊक नसतो. हा टोमणा समजू नका. तो ठाऊक व्हावा अशी सोयच आपण ठेवलेली नाही, एवढंच सांगायला हे पत्र लिहितो आहे.

माझी ओळख इतकीच की मी कोषागारात ३१ वर्षं काढली. देयकं तपासली, लेखाशीर्ष (पैसा कशासाठी, ते सांगणारा हिशोबाचा क्रमांक) जुळतं का ते पाहिलं, तरतूद शिल्लक आहे का ते पाहिलं, आणि मार्चच्या शेवटच्या रात्री घरचा डबा बिलांच्या गठ्ठ्यावरच उघडून खाल्ला. त्यामुळे "आकडेवारी उपलब्ध नाही" हे वाक्य कानावर आलं की माझं डोकं फिरतं. उपलब्ध नाही तर पैसा निघाला कसा? कोषागारातून एक रुपयाही लेखाशीर्षाशिवाय आणि आहरण अधिकाऱ्याच्या, म्हणजे पैसा काढणाऱ्या अधिकाऱ्याच्या, सहीशिवाय बाहेर पडत नाही. महिन्याचा हिशोब पुढे महालेखाकारांकडे जातो. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या कोषागारांचा हिशोब ज्या कार्यालयात लागतो, ते महालेखाकारांचं एजी ऑफिस कुठे आहे? इथेच, सिव्हिल लाइन्समध्ये. विधान भवनही सिव्हिल लाइन्समध्येच. म्हणजे तुम्ही ज्या पैशासाठी सभागृहात घसा कोरडा करता, त्याचे हिशोब तुमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर लागत असतात.

विदर्भानं मराठी राज्यात यावं म्हणून नेत्यांनी केलेल्या २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराची आठवण दरवर्षी निघते. काही जण त्या दिवशी त्याची होळीही करतात. करारातलं नागपुरात दरवर्षी अधिवेशन घेण्याचं कलम सगळ्यांना पाठ आहे, कारण ते डोळ्यांना दिसतं: बंदोबस्त, संत्र्यांच्या पेट्या. पण त्याच करारात आणखी एक कलम होतं. राज्याचा खर्च वेगवेगळ्या भागांवर लोकसंख्येच्या प्रमाणात होईल, मागास राहिलेल्या मराठवाड्याकडे खास लक्ष दिलं जाईल, आणि याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवला जाईल. सही करणारी मंडळी भाबडी नव्हती. वचन दिलं तर त्याचा वर्षाकाठी हिशोब मांडावा लागतो, हे त्यांना कळत होतं. पुढे राज्यघटनेच्या ३७१(२) मध्येही तेच आलं: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळं, आणि त्यांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे. ही तरतूद १९५६ सालची. मंडळं प्रत्यक्षात यायला १९९४ उजाडलं, आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. त्या मंडळांना दात नव्हते असं तुम्ही म्हणाल. नसतील. पण त्यांच्यामुळे निदान विभागवार आकडे एका जागी यायचे.

आता अनुशेष या शब्दाबद्दल. आपण तो इतका वापरला की तो भाषणातला टाळीचा शब्द होऊन बसला. मुळात ती एक वजाबाकी होती. १९८३ मध्ये सरकारनं प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. दांडेकर पुण्याचे, हे इथे मुद्दाम सांगतो, कारण विदर्भाच्या मागणीला पहिल्यांदा आकडा मिळाला तो पुण्याच्या एका अर्थतज्ज्ञाच्या वहीतून. त्यांची रीत कोणालाही समजावी अशी होती. रस्ते, सिंचन, वीज, शाळा, दवाखाने, पाणी, एकेक क्षेत्र घ्यायचं, राज्याची सरासरी काढायची, जो जिल्हा सरासरीच्या खाली आहे तो किती खाली आहे ते मोजायचं, आणि ती तूट भरून काढायला किती पैसे लागतील ते मांडायचं. १९८४ च्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष निघाला ३,१८६.७८ कोटी रुपये, आणि त्यात विदर्भाचा वाटा ३९.१२ टक्के. दहा वर्षांनी निर्देशांक व अनुशेष समितीनं पुन्हा मोजलं, तेव्हा एकूण रक्कम १४ हजार कोटींच्या वर गेली होती. मग डॉ. विजय केळकर यांची समिती आली. तिनं २०१३ मध्ये अहवाल दिला आणि तो सभागृहात मांडला गेला डिसेंबर २०१४ मध्ये, इथेच, नागपूरच्या अधिवेशनात.

म्हणजे मोजणी ही आपल्याकडे समिती आल्यावर करायची गोष्ट झाली आहे. समिती बसली की प्रत्येक खात्याला विवरणपत्र जातं, खालपर्यंत धावपळ होते, कारकून रात्री जागून रकाने भरतात (मीही भरले आहेत, आणि त्यातले काही घाईत भरले होते हे आज कबूल करतो). अहवाल छापला जातो. त्यावर वाद होतो. पुढची समिती येईपर्यंत ते रकाने कपाटात. दर महिन्याला कोषागारात आपोआप जमा होणारी माहिती एकीकडे, आणि दहा-वीस वर्षांतून एकदा घाम गाळून गोळा केलेली माहिती दुसरीकडे. अर्थसंकल्पाचं भाषण आपण या दुसऱ्या माहितीवर करतो.

एक आकडा खुला असला तर काय होतं, याचं उदाहरण तुमच्यातल्या जुन्या सदस्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत एक तक्ता होता. एकूण पिकांखालच्या क्षेत्रापैकी ओलिताखालचं क्षेत्र २०००-०१ मध्ये १७.८ टक्के होतं, ते २००९-१० मध्ये १७.९ टक्के झालं. दहा वर्षांत ०.१ टक्का. त्याच काळात सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी खर्च झाल्याची चर्चा होती. हे दोन आकडे लोकांनी शेजारी शेजारी ठेवले आणि राज्य हादरलं. श्वेतपत्रिका निघाली, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली, न्यायालयात याचिका गेल्या. मोजायची पद्धत चूक आहे, विहिरीचं पाणी कसं धरलं, प्रकल्पाचं कसं धरलं, यावर सरकारनं वेगळी बाजू मांडली. ती बाजूही ऐकण्यासारखी होती. मी स्वतः म्हणतो की त्या एका टक्केवारीवरून सगळा निष्कर्ष काढणं घाईचं होतं. पण मग काय व्हायला हवं होतं? पद्धत सुधारून अधिक चांगला आकडा छापायला हवा होता. झालं असं की पुढची कित्येक वर्षं आर्थिक पाहणीत त्या जागी "उपलब्ध नाही" असं येत राहिलं. ताप दाखवतो म्हणून थर्मामीटरच कपाटात ठेवून दिला.

आता जरा आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो, कारण इथेच खरी मेख आहे आणि सभागृहात ती कोणी बोलत नाही.

कोषागारातल्या प्रत्येक देयकावर लेखाशीर्ष असतं. ते सांगतं की पैसा कशासाठी: आरोग्य, लघुसिंचन, रस्ते, शिष्यवृत्ती. आहरण व संवितरण अधिकाऱ्याचा संकेतांक असतो. तो सांगतो की पैसा कोणी काढला. पैसा कुठे लागला, हे मात्र त्यात कुठेही नसतं. उमरेडच्या कामाचं बिल नागपुरात निघतं. मुंबईच्या संचालनालयानं एकत्र केलेली खरेदी मुंबईच्या खात्यात पडते, औषधं भले गडचिरोलीतल्या भामरागडला जावोत. उलटही होतं: नागपुरात काढलेला पैसा चार जिल्ह्यांत वाटला जातो, पण हिशोबात तो नागपूरचा. म्हणून "विदर्भावर इतका खर्च झाला" असं कोणी सांगितलं की मी आधी विचारतो, बिल कुठे निघालं ते सांगता की काम कुठे झालं ते? बहुतेकांना प्रश्नच कळत नाही. दोन्ही बाजूचे नेते आपापल्या सोयीचा आकडा उचलतात आणि दोघेही खोटं बोलत नसतात. हे सगळ्यात वाईट.

महामंडळांच्या बाबतीत तर हिशोब आणखी एक जिना खाली उतरतो. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ १९९७ पासून आहे. सरकारकडून त्याला रक्कम जाते ती भागभांडवल म्हणून. राज्याच्या हिशोबात ती मोठी, गुळगुळीत ओळ असते. पुढे तो पैसा कोणत्या कालव्याच्या कोणत्या किलोमीटरला गेला, ते महामंडळाच्या दप्तरात. गोसीखुर्दचंच घ्या. १९८३ मध्ये ३७२ कोटींची मान्यता, २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन, २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प, आणि सुप्रमा (सुधारित प्रशासकीय मान्यता) घेत घेत किंमत एका टप्प्यावर पोचली १८,४९४ कोटींवर. हे मोठे आकडे आपल्याला माहीत आहेत कारण ते संसदेत आले, कॅगच्या अहवालांत आले. पण पवनीच्या किंवा नागभीडच्या शेतकऱ्याला या आकड्याचं काय लोणचं घालायचं? त्याला हवं आहे ते हे: माझ्या शेताजवळून जाणारी वितरिका, म्हणजे कालव्याची फाटी, मंजूर झाली का, तिचं मोजमाप पुस्तिकेत कितवं किलोमीटर भरलं, पैसे किती दिले, आणि काम अडलं असेल तर भूसंपादनाला अडलं की कंत्राटदाराला. ही माहिती विभागीय अभियंत्याच्या टेबलावर असते. नसती तर बिल निघालंच नसतं.

तेव्हा माझी पहिली मागणी फार किरकोळ वाटेल. प्रत्येक कामाला प्रशासकीय मान्यता देतानाच त्याच्या नोंदीत गावाचा संकेतांक टाका. नवीन काही शोधायचं नाही. जनगणनेनं प्रत्येक गावाला क्रमांक दिलेला आहे, केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेतही प्रत्येक गावाचा आणि ग्रामपंचायतीचा क्रमांक आहे. एक रकाना. तो भरल्याशिवाय देयक पुढे सरकणार नाही अशी अट घातली, तर वर्षभरात कोणत्या तालुक्यात किती पैसा लागला याची बेरीज यंत्र करेल, समिती नेमावी लागणार नाही. यंत्रणा अडवायची म्हटलं की सगळं भरलं जातं, हे मी ३१ वर्षं पाहिलं आहे. आधार क्रमांकाचा रकाना किती झटपट भरला गेला ते आठवा.

आणि तालुकाच का, जिल्हा का नाही? नागपूर जिल्ह्यात १४ तालुके आहेत. जिल्ह्याची सरासरी काढली की मेट्रो, मिहान, उड्डाणपूल यांच्या पोटात भिवापूर, कुही आणि देवलापारकडची आदिवासी गावं गडप होतात. तिकडे गडचिरोलीत जा, तिथे उलट्या तऱ्हेनं तेच. सरासरी ही मोठी लबाड बाई आहे, आमचे एक जुने लेखाधिकारी म्हणायचे.

आता माझ्या स्वतःच्या अनुभवाचं. निवृत्तीनंतर पहिल्याच वर्षी गावच्या भावकीतून निरोप आला. आमच्या गावाला जोडणारा अडीच किलोमीटरचा रस्ता तीन योजनांतून तीनदा दाखवून पैसे उचलले, अशी गावात बोलवा होती. "भाऊ, तुम्ही हिशोबातले माणूस, तुम्हीच काढा ना जी." मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. १५० शब्दांत आणि एकाच विषयावर, कारण आपल्या राज्याच्या नियमात तशी अट आहे. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं. कार्यालयाचं नाव इथे लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती, चहाही पाजला त्यांनी. महिन्यानं पत्र आलं, पानाला २ रुपये भरा. भरले. गठ्ठा मिळाला २१२ पानांचा. काही पानं उभी, काही आडवी, काहींवर शिक्का नेमका रकमेवर बसलेला. कामाचं नाव: "रस्ता सुधारणा करणे". खालच्या ओळीत: "रस्ता सुधारणा करणे". त्याच्या खाली "—वरीलप्रमाणे—".

सून मिहानमध्ये सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिनं गठ्ठा चाळला आणि म्हणाली, "बाबा, हे त्यांनी एक्सेलमध्येच केलं असेल ना? मग प्रिंट काढून, सही करून, शिक्का मारून, परत झेरॉक्स काढून का दिलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही दोघांनी तीन रविवार बसून ते सगळं पुन्हा टंकलं. जे एकदा टंकलेलंच होतं, ते. आणि निष्कर्ष काय निघाला? रस्ता तीनदा नव्हे, दोनदाच झाला होता, आणि दुसऱ्या वेळचा तुकडा वेगळा होता, नाल्यापलीकडचा. गावातली बोलवा खोटी होती. ज्या कनिष्ठ अभियंत्याला गाव दोन वर्षं चोर म्हणत होतं, तो बिचारा तोवर बदलून गेला होता. ती एक्सेल फाइल कुठेतरी उघडी असती, तर त्याची इज्जत आणि माझे तीन रविवार दोन्ही वाचले असते. पारदर्शकता म्हटली की आपल्याकडे चोर पकडण्याचीच भाषा होते. प्रामाणिक माणसाची सुटका हा तिचा तितकाच मोठा उपयोग आहे, हे मला त्या गठ्ठ्यानं शिकवलं.

कायद्याचं म्हणाल, तर तो तुमच्या बाजूला केव्हाचा उभा आहे. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ चं कलम ४ सांगतं की कोणी मागायच्या आधीच माहिती जाहीर करा: प्रत्येक यंत्रणेला दिलेली रक्कम, तिच्या योजना, प्रस्तावित खर्च, वाटलेल्या पैशाचा अहवाल. त्याच कलमात उद्देशही लिहिला आहे की लोकांना अर्ज करण्याची वेळ कमीत कमी यावी. कलम २ मध्ये माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळवण्याचा हक्क आहे. तिथे चक्क डिस्केट आणि फ्लॉपी असे शब्द आहेत. आणि कलम ७(९) म्हणतं की ज्या स्वरूपात मागितली त्याच स्वरूपात साधारणपणे माहिती द्यावी. फ्लॉपी जगातून नाहीशी झाली, पण आमच्या हातात अजून झेरॉक्सच पडते. विशेष म्हणजे महाराष्ट्राला हे सगळं शिकवावं लागू नये. देशाचा कायदा येण्याआधी, २००२ मध्येच, आपल्या राज्याचा माहिती अधिकाराचा कायदा होता.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. शासन निर्णय संकेतस्थळावर येतात, प्रत्येकाला स्वतंत्र संकेतांक असतो. बीम्स प्रणालीवर कोणत्या खात्याला किती तरतूद, किती वाटप, किती खर्च हे घरबसल्या पाहता येतं. मी अजूनही अधूनमधून सवयीनं उघडून बसतो. पण तिथे उमरेड शोधा, सापडायचं नाही. शासन निर्णयातली यादी कॉपी करून पाहा. जुन्या फॉन्टमधली असेल तर "पाणीपुरवठा" चिकटवल्यावर लॅटिन अक्षरांचा काला होतो. मराठी राजभाषा, आणि मराठीत छापलेली यादी यंत्राला मराठी म्हणून वाचता येत नाही. हे दुखणं फक्त युनिकोडचा, म्हणजे कोणत्याही यंत्राला वाचता येणाऱ्या अक्षरांचा, आग्रह धरला तरी बरं होईल, त्याला एक पैसा लागत नाही.

आता तुमच्या हातात काय आहे ते बोलू. कारण "सरकारला सांगतो" असं म्हणून तुम्ही सुटाल हे मला दिसतं आहे.

प्रत्येक आमदाराला स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी. विदर्भाचे ६२ धरले तर वर्षाला ३१० कोटी, पाच वर्षांत दीड हजार कोटींच्या वर. कामं तुम्ही सुचवता, मान्यता जिल्हाधिकारी देतात, पैसा नियोजन कार्यालयातून जातो. सभामंडप, रस्त्याचे तुकडे, शाळेच्या खोल्या, व्यायामशाळेचं साहित्य. या कामांची यादी, गावाच्या क्रमांकासह, मान्यतेची तारीख, कार्यादेशाची तारीख, कंत्राटदार, आजवर दिलेले पैसे आणि कामाची आजची स्थिती, एका साध्या तक्त्यात दर महिन्याला टाकायला कोणाची परवानगी लागते? कोणाचीच नाही. खासदारांच्या निधीसाठी १ एप्रिल २०२३ पासून ई-साक्षी प्रणाली सुरू झाली, तिथे निदान दिशा तरी धरली आहे. तुमच्यापैकी एकानं, पक्ष कोणताही असो, आपल्या मतदारसंघाचा असा तक्ता उघडा केला, तर बाकीच्या ६१ जणांना पुढच्या प्रचारात त्याचं उत्तर द्यावं लागेल. मला ती मजा पाहायची आहे.

दुसरं, जिल्हा नियोजन समिती. तुम्ही तिथे बसता, पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. सर्वसाधारण योजना, अनुसूचित जाती उपयोजना, आदिवासी उपयोजना असे तीन डबे. बैठकीनंतर वर्तमानपत्रात येतं ते "इतक्या कोटींचा आराखडा मंजूर". आराखडा म्हणजे मार्चमध्ये किती खर्च झाला हे नव्हे. मंजूर, वितरित आणि खर्च हे तीन वेगळे आकडे आहेत आणि त्यांच्यामधल्या फटीतच सगळी गंमत असते. वर्षभर रेंगाळलेला निधी मार्चमध्ये एका योजनेतून दुसरीकडे वळवला जातो, पुनर्विनियोजन म्हणतात त्याला. त्यात बेकायदा काही नाही, कधी कधी ते शहाणपणाचंही असतं. पण देवलापारच्या आश्रमशाळेसाठी ठेवलेला पैसा कुठे वळला, हे तिथल्या पालकांना मे महिन्यात कळलं पाहिजे.

तिसरं थोडक्यात: जिल्हा खनिज प्रतिष्ठान. २०१५ च्या खाण कायद्यातल्या दुरुस्तीनंतर खाणवाल्यांच्या स्वामित्वधनाबरोबर जो वेगळा हिस्सा जमा होतो, तो खाणीनं बाधलेल्या गावांसाठी आहे. उमरेड, सावनेर, कामठीकडचा कोळसा, मनसर आणि गुमगावचं मँगनीज, म्हणजे आपल्या जिल्ह्यात ही रक्कम लहान नाही. केंद्राच्या प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेच्या सूचनांतच लिहिलं आहे की जमा रक्कम, बैठकांचे इतिवृत्त, मंजूर कामं आणि त्यांची प्रगती संकेतस्थळावर ठेवावी. तुम्हाला फक्त विचारायचं आहे की धुळीचं गाव आणि पैशाचं गाव एकच आहे का. यासाठीही गावाचा क्रमांकच लागतो, पुन्हा तोच रकाना.

हरकती येतील. मनुष्यबळ नाही म्हणतील. पण माहिती तयार करायची नाही, असलेली फाइल छापण्याऐवजी आहे तशी ठेवायची आहे, त्यात काम वाढत नाही, कमी होतं. खासगी माहिती म्हणतील. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदललं, तेव्हापासून हे उत्तर जास्त ऐकू येईल हे नक्की. घरकुलाच्या लाभार्थ्याचं बँक खातं कोणी मागत नाही. रस्ता, नाली, बंधारा यांना खासगी आयुष्य नसतं. आणि आकड्यांचा गैरवापर होईल म्हणतील. होईल. आत्ता आकड्यांशिवाय जो गैरवापर चालू आहे त्यापेक्षा कमी होईल. राजस्थानात १९९४ मध्ये कोटकिराना गावात गावकऱ्यांसमोर कामांची बिलं मोठ्यानं वाचली गेली आणि २०१९ मध्ये त्याच राज्याच्या सरकारनं सरकारी माहिती लोकांसाठी खुली ठेवणारं जनसूचना पोर्टल काढलं. तिथे आकाश कोसळलं नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो, नंतर माझ्यावर रागावू नका. आकडे खुले झाले की ते आपल्याच बाजूनं बोलतील असं नाही. कदाचित दिसेल की विदर्भाला आलेला पैसा विदर्भातच नागपुरानं जास्त ओढला आणि अमरावती विभागाचं सिंचन तसंच कोरडं राहिलं. कदाचित दिसेल की काही खात्यांत निधी आला होता, आपल्या यंत्रणेनं तो खर्चच केला नाही आणि ३१ मार्चला सरकारला परत (समर्पित) केला. मुंबईकडे बोट दाखवणारा हात तेव्हा जरा वळवावा लागेल. त्याची तयारी असेल तरच हे मागा. नसेल तर निदान सभागृहात अनुशेष हा शब्द जपून वापरा.

येत्या अधिवेशनात पहिल्या दिवशी पुरवणी मागण्यांची, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाची, पुस्तकं तुमच्या हातात पडतील. हजारो कोटींची ती पुस्तकं असतात आणि दोन दिवसांत मंजूर होतात. एवढं करा: चर्चेत उभं राहून विचारा की यातला किती पैसा कोणत्या तालुक्यात जाणार. उत्तर "माहिती घेऊन पटलावर ठेवतो" असं येईल. मग शुक्रवारी अशासकीय ठराव, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचा ठराव, आणा. मसुदा मी लिहून देतो, एका पानाचा आहे, भाषा सरकारीच ठेवली आहे म्हणजे कक्ष अधिकाऱ्याला परका वाटणार नाही.

आणि तुमच्या स्थानिक विकास निधीचा तक्ता कोणाकडे तयार असेल, तर मला कळवा. मी आमदार निवासात स्वतः येतो. पेन ड्राइव्ह माझाच आणतो, १० रुपयांचं तिकीट लावलेला अर्जही खिशात असेल, औपचारिकता म्हणून. फक्त प्रिंट काढू नका.

आपला,
एक निवृत्त कोषागार कर्मचारी
नागपूर